आई-वडिलांचे दहा गुण: अर्ज तपासणाऱ्या टेबलावरून

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या भरतीत मी अर्ज तपासते. लष्करात गेलेलं मूल मरण पावलं किंवा पूर्ण अपंग झालं, तर आई-वडिलांना सरकारी नोकरीत दहा गुण जादा मिळतात, एवढं लोकांच्या कानावर असतं. पुढच्या अटी मात्र फारसं कुणी वाचत नाही.

मुलाच्या सेवेइतकंच इथे आई-वडिलांच्या संसाराकडे बघितलं जातं. तुम्ही विधवा किंवा विधुर, घटस्फोटित किंवा विभक्त असाल आणि पुन्हा लग्न केलं नसेल, तर हक्क आहे. दुसरं लग्न झालं, पण तेही मृत्यूने, घटस्फोटाने किंवा कायदेशीर विभक्ततेने संपलं असेल, तरी चालतं. एकत्र राहत असाल, तर जोडीदार कायमचा आणि पूर्णपणे अपंग असावा लागतो. म्हणजे दोघं धडधाकट असाल तर मूल गेलेलं असूनही गुण नाहीत. मला हे निष्ठुर वाटतं. आयांना हा हक्क १९४८ साली मिळाला, वडिलांना मात्र २०१५च्या ‘गोल्ड स्टार फादर्स’ कायद्यापर्यंत थांबावं लागलं!

मृत्यू सक्रिय सेवेत असताना, आणि युद्धात किंवा इराक-अफगाणिस्तानसारख्या पदक जाहीर झालेल्या मोहिमेत झालेला हवा. मायदेशातल्या तळावर सरावात झालेला अपघात सहसा यात बसत नाही. मूल हयात असेल, तर व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांच्या खात्याच्या पत्रात अपंगत्व सेवेमुळे आलेलं, कायमचं आणि पूर्ण आहे, हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नुसतं ‘अपंगत्व आहे’ एवढ्याने भागत नाही. मृत जवानाची बायको आणि आई दोघी अटींत बसत असतील, तर दोघींनाही हक्क मिळतो. सुनेने अर्ज केला म्हणून सासूचा जात नाही.

दहा गुणांचं हे प्राधान्य मागण्यासाठी एसएफ-१५ हा फॉर्म भरा. सोबत मुलाचा लष्करी सेवेचा दाखला डीडी-२१४ किंवा मृत्यूची नोंद असलेला डीडी-१३०० जोडा, आणि स्वतःच्या वैवाहिक स्थितीचे पुरावे. घटस्फोटाचा निकाल पुण्या-नाशकाच्या कोर्टातला मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. मला तो वाचता येतो, शेजारच्या टेबलावरच्याला देवनागरी काय नि मोडी काय, सारखंच. सगळं शेवटच्या तारखेच्या आत चढवा.

दहा गुण परीक्षेत पास झाल्यावरच मिळतात. पात्रता नसेल तर त्यांचा उपयोग नाही. बऱ्याच ठिकाणी आता गुणांऐवजी गट पाडतात. तिथे तुम्ही ज्या गटात बसता त्याच गटात प्राधान्य नसलेल्यांच्या वर येता, वरच्या गटात उडी मिळत नाही.

मुलाने भारतातून बोलावून घेतलेल्या आई-वडिलांनी आणखी एक बघावं. बहुतेक फेडरल पदांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. आणि बढतीत किंवा खात्यांतर्गत बदलीत हे प्राधान्य नसतं, तेव्हा यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘ओपन टू द पब्लिक’ (सर्वांसाठी खुल्या) लिहिलेल्या जाहिराती आधी चाळा.