अमेरिकेच्या स्थापनेवर लिहिताय? या चुका टाळा

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ते वाक्य भेटतंच: ‘४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेची राज्यघटना लागू झाली व जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.’ एका वाक्यात दोन चुका, आणि अक्षर मात्र मोत्यासारखं. दरवर्षी लाल शाईने खोडतो, दरवर्षी पुन्हा उगवतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेल्यांच्या पेपरात जास्त उगवतं. पूर्वग्रह म्हणा हवं तर.

१७७६ मध्ये निघाला तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा. वॉशिंग्टनने शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ ला, न्यूयॉर्कमध्ये, वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलच्या सज्जात. मधली १३ वर्षं मुलं गिळून टाकतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. १७८१ मध्ये १३ राज्यांचा ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ नावाचा करार पक्का झाला. त्यात काँग्रेस (राज्यांच्या प्रतिनिधींची सभा) होती, पण देशाचा कारभार हाकणारा राष्ट्राध्यक्ष नव्हता, सर्वोच्च न्यायालय नव्हतं आणि कर बसवायचा अधिकारही नव्हता. काँग्रेसने राज्यांपुढे हात पसरायचा, राज्यांनी मनात आलं तर द्यायचं. आयात मालावर ५ टक्के जकात घेऊ द्या, एवढीच मागणी होती; १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि दुरुस्तीला सगळ्या राज्यांची संमती लागत असल्यामुळे विषय तिथेच अडला. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडली आणि जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेज वगैरे मंडळी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेली. पुढे त्यांचा पाठलाग केला तो बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी अक्षरशः वर्गणी काढून उभ्या केलेल्या फौजेने. ज्या देशात बंड मोडायला वर्गणी काढावी लागते, तिथले पुढारी मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला का जमले आणि नवी राज्यघटनाच लिहून का उठले, हे मग घोकावं लागत नाही.

माझी सवय सांगतो. वहीच्या शेवटच्या पानावर एक आडवी रेघ मारायची. वर १७७६, १७८१, १७८७, १७८९. खाली आपल्याकडचं. १७८९ च्या खाली मी ‘पुण्यात सवाई माधवराव, कलकत्त्यात कॉर्नवॉलिस’ असं लिहितो. हो, तोच कॉर्नवॉलिस. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला त्याच्याच फौजेने वॉशिंग्टनपुढे हत्यारं ठेवली, आणि वॉशिंग्टन शपथ घेत होता तेव्हा हा आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होता. एकदा ही रेघ डोळ्यांपुढे आली की तारखा घसरत नाहीत.

याच चुकीची उलटी आवृत्ती व्हॉट्सॲपवर फिरते: ‘खरा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉन हॅन्सन!’ हॅन्सन १७८१ मध्ये काँग्रेसचा अध्यक्ष झाला, म्हणजे सभेचा. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला आपण राष्ट्राध्यक्ष म्हणत नाही ना?

फिलाडेल्फियाच्या परिषदेत जेफरसनला, म्हणजे १७७६ च्या जाहीरनाम्याच्या मुख्य लेखकाला, बसवू नका. तो पॅरिसमध्ये होता. पुढे दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स लंडनमध्ये. तिथे आले ५५ जण, सह्या केल्या ३९ जणांनी, आणि ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही.

आता माझं दुखरं ठिकाण: ‘फेडरलिस्ट’.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने लेख मागितला. मी मोठ्या हौसेने फेडरलिस्टसाठी ‘संघराज्यवादी’ असा प्रतिशब्द वापरला आणि लेखभर तोच ठेवला. लेखात एकीकडे लिहिलं होतं की १७८७-८८ मध्ये घटनेला मंजुरी मिळावी म्हणून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या संघराज्यवाद्यांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख लिहिले. पुढे लिहिलं होतं की डिसेंबर १७९० मध्ये हॅमिल्टनने राष्ट्रीय बँकेची योजना मांडली आणि १७९१ मध्ये प्रतिनिधिगृहात (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात) मॅडिसनने तिला विरोध केला. मुद्रितशोधक चोख माणूस. त्याला वाटलं, संघराज्यवादी मॅडिसन संघराज्यवाद्यांनाच कसा विरोध करेल? लेखकाची डुलकी लागली असणार. दुरुस्तीच्या गडबडीत त्याने भलतंच नाव बदललं आणि अंकात छापून आलं: ‘हॅमिल्टनच्या बँकेला प्रतिनिधिगृहात हॅमिल्टनने कडाडून विरोध केला.’ हॅमिल्टन त्या गृहाचा सदस्यही नव्हता, अर्थमंत्री होता. पंधरा दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ: ‘हे गृहस्थ घरीही स्वतःशीच भांडत असत काय?’

मी महिनाभर मुद्रितशोधकावर चिडलो होतो. पण चूक जास्त माझीच. १७८८ चे फेडरलिस्ट म्हणजे नव्या घटनेच्या बाजूचे लोक. १७९० च्या दशकातला फेडरलिस्ट पक्ष म्हणजे हॅमिल्टन, ॲडम्स यांचा गट: बँक हवी, राज्यांची युद्धकर्जं केंद्राने उचलावीत, इंग्लंडशी जुळवून घ्यावं. मॅडिसन पहिल्यात होता, दुसऱ्यात नव्हता. तो जेफरसनबरोबर विरोधी गटात गेला. १७९० च्या कर्जाच्या भांडणात तर जेफरसनच्या घरी जेवणावर तोडगा निघाल्याचं जेफरसननेच लिहून ठेवलंय: कर्जं केंद्राकडे, राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी. शब्द एक, माणसं निम्मी तीच, भांडण वेगळं. तेव्हापासून मी आधीच्यांना ‘घटनासमर्थक’ म्हणतो आणि नंतरच्यांना सरळ ‘फेडरलिस्ट पक्ष’. शिवाय प्रत्येक नावापुढे कंसात साल. लेख जरा रुक्ष दिसतो, दिसू दे. सगळं छान मराठीत बसवायची घाई मला पोस्टकार्डापर्यंत घेऊन गेली.

जाता जाता: जेफरसनचा पक्ष स्वतःला रिपब्लिकन म्हणवत असे, पण आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा. मूलभूत हक्क मूळ घटनेत नव्हते. १२ दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या, १० मंजूर होऊन १७९१ मध्ये लागू झाल्या. दोनच कारकिर्दींची मर्यादा वॉशिंग्टनच्या पायंड्यातून आली, घटनेत शिरली १९५१ मध्ये. आणि वॉशिंग्टन व्हाइट हाऊसमध्ये कधीच राहिला नाही, कृपा करून त्याला तिथे झोपवू नका.

तीन-पंचमांशाचं कलम मात्र घाईत उरकू नका. ‘गुलामांना तीन-पंचमांश मत दिलं’ असं लिहितात. त्यांना मत नव्हतंच. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना दर ५ गुलामांमागे ३ माणसं मोजली जात, आणि त्यातून वाढलेल्या जागा मालकांच्या राज्यांना मिळत. म्हणूनच गुलामांची अख्खी मोजणी व्हावी अशी मागणी दक्षिणेची होती. आपल्याकडे यात एक खास भर पडते. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, म्हणून त्या देशाच्या संस्थापकांनी गुलामी संपवली, असं काही जण ठोकून देतात. पुस्तक १८७३ चं आहे. गुलामी घटनेने बंद झाली १८६५ मध्ये, यादवी युद्धानंतर. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन हे तिघेही गुलामांचे मालक होते.

शेवटची, १८०० ची निवडणूक. ‘जेफरसन व बर यांच्यात चुरशीची लढत होऊन ७३-७३ अशी बरोबरी झाली.’ अहो, ते दोघे एकाच बाजूचे! जेफरसन राष्ट्राध्यक्षपदासाठी, बर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी. लढत होती ॲडम्सशी, त्याला ६५ मिळाली. त्या वेळी प्रत्येक निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्याने नेमलेला माणूस) दोन मतं द्यायचा आणि कोणतं राष्ट्राध्यक्षाला, कोणतं उपराष्ट्राध्यक्षाला, हे लिहायची सोयच नव्हती. पक्षाच्या सगळ्यांनी इमानेइतबारे दोघांनाही मत दिलं, एकाने तरी बरचं मत गाळायला हवं होतं, ते राहून गेलं, आणि निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे दर राज्याला एक मत, १६ पैकी ९ हवीत. जेफरसनला अडवायला फेडरलिस्टांनी बरला उचलून धरलं. जेफरसनकडे ८, बरकडे ६, व्हरमाँट आणि मेरीलँड दुभंगलेली. मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेला, तरी बर्फातून त्याला आणून शेजारच्या खोलीत खाटेवर निजवलं होतं, कारण त्याचं मत गेलं तर मेरीलँड बरकडे जाणार. ११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झालं; १७ तारखेला ३६ व्या फेरीत काही फेडरलिस्टांनी कोरी मतं टाकली, काही बाजूला झाले, तेव्हा जेफरसनला १० राज्यं मिळाली. दोन मतं वेगवेगळी मोजायची बारावी दुरुस्ती आली १८०४ मध्ये.

आणि त्या बरचं पूर्ण नाव ॲरन बर. ‘बुर्र’ लिहिलेल्या उत्तरपत्रिका मी दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवतो, चहा झाल्यावर तपासायला.