बॅटरीवरचं ड्रिल मशीन वापरताय? मग या चुका टाळा

वायरवाल्या ड्रिलचं एक बरं असतं, प्लग उपसला की विषय संपला. बॅटरीवाल्या ड्रिलला प्लगच नाही, त्यामुळे बॅटरी आत आहे तोपर्यंत ते कायम चालू आहे असंच धरून चालायचं, मग ते टेबलावर असो, पिशवीत असो की शिडीच्या पायरीवर टेकवलेलं असो. आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात राहत नाही, कारण मशीन छोटं, हलकं, खेळण्यासारखं दिसतं आणि वायर नाही म्हणजे धोका नाही असं मनात बसलेलं असतं. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा या एका समजुतीतूनच होतात.

सगळ्यात पहिली म्हणजे बिट, म्हणजे पुढे बसवायची भोक पाडायची काडी, बदलताना बॅटरी न काढणं. किमान एक करा, पुढे-मागे फिरवायचं जे बटण असतं ना ट्रिगरच्या (बोटाने दाबून मशीन चालवायच्या खटक्याच्या) वर, ते मधोमध आणून ठेवा, बहुतेक सगळ्या मशीनमध्ये त्याने ट्रिगर लॉक होतो. पण बिट बदलताना, चक (बिट पकडणारा पुढचा गोल भाग) अडकला म्हणून खटपट करताना, किंवा मशीन पिशवीत भरताना बॅटरी काढलेलीच बरी, दोन सेकंदांचं काम आहे. पिशवीत दुसऱ्या कुठल्या हत्याराने ट्रिगर दाबला गेला तर मशीन आतल्या आत फिरत बसतं, कापड गुंडाळतं, गरम होतं, आणि तुम्ही हात घातला तर बोटं सापडतात. घरात लहान मुलं असतील तर मशीन आणि बॅटरी एका जागी ठेवूच नका.

चक हातात धरून ट्रिगर दाबणं ही दुसरी, आणि ही सवय भल्याभल्या कारागिरांना असते. बिट पटकन आवळायचं म्हणून डाव्या हाताने चक घट्ट धरतात आणि उजव्या हाताने ट्रिगर. नव्वद वेळा काही होत नाही, पण एखाद्या वेळी ट्रिगर जरा जास्त दाबला गेला की चकच्या खाचा तळहाताची साल काढतात, आणि बिटला धार असेल किंवा हातात मोजा असेल तर अजून वाईट. चक हातानेच फिरवून आवळा. आवळायच्या आधी बिट तिन्ही जबड्यांच्या बरोबर मधोमध बसलंय का बघा, बारीक बिट बऱ्याचदा दोन जबड्यांच्या फटीत अडकतं आणि आवळल्यासारखं वाटतं पण सुरू केलं की टोक गोल गोल डगमगतं. डगमगलं तर तसंच रेटू नका, काढा आणि परत बसवा, नाहीतर बारीक बिट कटकन तुटतं आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

मोज्यांचंही इथेच सांगून टाकतो. हाताला लागू नये म्हणून लोक सुती किंवा विणलेले मोजे घालून ड्रिल चालवतात, ते उलटं आहे. फिरत्या बिटने मोज्याचा एक धागा पकडला की तो हातासकट ओढतो, तुम्ही ट्रिगर सोडेपर्यंत दोन वेढे पडलेले असतात. सैल बाही, ओढणी, गळ्यातली चेन, मोकळे केस, सगळ्याचं तेच. मोजे लागतात ते भोक पाडून झाल्यावर, गरम बिट किंवा पत्र्याची धारदार कड हाताळताना.

पत्रा आणि लोखंडी पट्टी, इथे नीट वाचा

कामाची वस्तू एका हातात धरून दुसऱ्या हाताने भोक पाडणं, किंवा मांडीवर ठेवून पाडणं, माझ्या मते ड्रिलच्या बाबतीतली सगळ्यात धोक्याची सवय हीच. लाकडाचा छोटा तुकडा असला तरी बिट पार झालं की खाली तुमची मांडी किंवा तळहात असतो. लोखंडात तर त्याहून वाईट. होतं काय ते सांगतो, बिट पत्र्यातून जात असतं तोपर्यंत सगळं शांत असतं, तुम्ही जोर लावलेला असतो, आणि मग शेवटचा अगदी पातळ पापुद्रा उरतो तेव्हा बिटचं टोक पार होतं पण धार अजून आत असते. त्या क्षणी बिटच्या वळणदार खाचा पत्र्यात स्क्रूसारख्या शिरतात आणि घट्ट अडकतात. आता बिट थांबलं पण मोटर थांबलेली नाही, त्यामुळे एकतर पत्रा पंख्यासारखा फिरतो नाहीतर मशीन तुमच्या मनगटासकट फिरतं. फिरत्या पत्र्याच्या कडेने बोटं चिरली जातात, टाके पडतात.

म्हणून वस्तू क्लॅम्पने टेबलाला बांधा किंवा वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या पकडीत) धरा, खाली एक टाकाऊ फळी ठेवा, म्हणजे बिट पार होताना त्याला आधार राहतो. भोक पार व्हायला आलं की आवाज बदलतो, हाताला कळतं, तेव्हा जोर कमी करा आणि स्पीड मात्र चालू ठेवा. सुरुवातीला सेंटर पंचने, म्हणजे हातोडीने ठोकायच्या टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, एक छोटा खड्डा मारून घ्या म्हणजे बिट घसरणार नाही. मोठं भोक हवं असेल तर आधी ३ किंवा ४ मिमीने पाडून मग मोठं बिट घाला, आणि तेलाचे दोन थेंब टाका. स्टेनलेस स्टील असेल तर स्पीड कमी, जोर जास्त आणि बिट सतत कापत राहिलं पाहिजे, कारण नुसतं घासत बसलात तर त्या जागेवर स्टील कडक होतं आणि मग चांगलं बिटही तिथे शिरत नाही.

मनगटाचं जरा आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. हल्ली बऱ्याच १८ व्होल्टच्या ड्रिलवर ५० न्यूटन मीटर वगैरे टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, लिहिलेला असतो. बिट अडकलं आणि तुमची मूठ चकच्या मध्यापासून १२ सेंमीवर असेल तर तेवढा टॉर्क थोपवायला साधारण ४० किलोच्या वर जोर मनगटाने एका झटक्यात लावावा लागेल, ते कुणाला जमत नाही. मशीनसोबत आडवा हँडल आला असेल तर तो कोपऱ्यात टाकू नका, लावा, त्याने पकड चकपासून लांब मिळते आणि तोच झटका निम्म्या जोरात थोपवता येतो. मोठं बिट, होल सॉ (मोठं गोल भोक कापायची वाटीसारखी करवत), किंवा सिमेंट कालवायचा दांडा लावला असेल तर हँडलशिवाय सुरूच करू नका. आणि शिडीवर उभं राहून एका हाताने तर नाहीच, झटका बसला की तोल जातो आणि मग मनगटापेक्षा मोठं काहीतरी मोडतं.

भिंतीत भोक पाडताना

मशीन बॅटरीचं आहे म्हणजे शॉक लागणार नाही, हा मोठा गैरसमज. भिंतीच्या आत वायर जात असेल आणि बिट तिला लागलं तर करंट बिटमधून चकमध्ये येतो, आणि चक बऱ्याच मशीनला लोखंडी असतो. म्हणून मशीन नेहमी प्लास्टिक-रबरच्या मुठीलाच धरा, पुढे चकजवळ बोटं नकोत. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडव्या रेषेत वायरचे पाईप असण्याची शक्यता जास्त, तसंच नळाच्या वर-खाली पाण्याचा पाईप. तिथे भोक पाडणं टाळा. पण खात्रीचा उपाय म्हणजे घराचा मेन स्विच बंद करणं, आणि बॅटरीच्या ड्रिलचा हाच तर खरा फायदा आहे की लाईट घालवूनही काम करता येतं! तरी माणसं बॅटरीचं ड्रिल घेतात आणि मेन चालू ठेवून भोक पाडतात, हे बघून खरंच जीव कळवळतो.

भुकटीकडे लक्ष द्या, ती आत काय चाललंय ते सांगते. करडी-पांढरी आली तर प्लास्टर, लाल आली तर वीट, आणि बिट एकदम थांबलं, आवाज टणटणीत झाला आणि चकचकीत कण यायला लागले की समजा सळई किंवा पाईप लागला. तिथे जोर लावू नका, बाहेर काढा, जागा बदला. बीम आणि कॉलमच्या काँक्रीटमध्ये छोटं हॅमर ड्रिल फार पुढे जात नाही, कारण त्यातला हॅमर म्हणजे दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात तेवढाच ठोका, त्यासाठी रोटरी हॅमर हे वेगळं मशीन असतं, त्यात आत हवेच्या दाबावर पिस्टन ठोका मारतो. पाच मिनिटं रेटून मोटर जाळण्यापेक्षा ते भाड्याने आणलेलं परवडतं.

टाईलवर हॅमर चालू करून सुरुवात केली की तडा गेलाच समजा. हॅमर बंद, चिकटपट्टी लावून खूण, टाईलचं बिट, स्पीड कमी. टाईल पार झाली की मग भिंतीचं बिट लावा.

डोळ्यांना गॉगल हवाच, साधा चष्मा नाही, बाजूने बंद असतो तो. डोक्यावरचं भोक पाडताना भुकटी थेट डोळ्यात येते. आणि भोकात तोंडाने फुंकर मारू नका, ती सगळी भुकटी परत तोंडावर येते. काँक्रीट, वीट, टाईल यांच्या धुळीत सिलिका असते, तिचे बारीक कण फुप्फुसात बसले की निघत नाहीत, म्हणून एन-९५ मास्क लावा, रुमाल बांधून भागत नाही. हॅमर मोडवर बराच वेळ काम असेल तर कानात बोळे पण घाला.

अजून एक, मोटरमध्ये कार्बन ब्रश असेल तर मागच्या फटींतून बारीक ठिणग्या दिसतात, त्या नेहमीच्याच आहेत, पण थिनर, पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल त्या जागी ड्रिल चालवायचंच नाही.

मशीन नीट चालत नाही? आधी हे बघा

बिट शिरतच नाही, नुसता धूर आणि जळका वास येतोय. दहातल्या पाच वेळा मशीन उलट्या दिशेला असतं, स्क्रू काढला होता आणि बटण परत फिरवायचं राहिलं. दिशा बरोबर असेल तर बिट बघा, भिंतीचं बिट लाकडात किंवा लोखंडाचं बिट भिंतीत घातलंय का. भिंतीच्या बिटच्या टोकाला कार्बाईडची (फार कडक पदार्थाची) एक वेगळी पाकळी बसवलेली दिसते, लाकडाच्या बिटला मधोमध टोकदार सुई असते, लोखंडाचं साधं निमुळतं. लोखंडाचं बिट एकदा भिंतीत घातलं की त्याची धार गेली. ते नसेल तर बिट बोथट झालंय, बदला. गरम बिटला हात लावू नका, पाण्यातही बुडवू नका, कार्बाईडला तडा जातो.

कर्रर्र असा आवाज येतो आणि चक फिरायचा थांबतो, ते बिघडलेलं नाही, क्लच (ठरावीक जोरानंतर चक सोडून देणारा भाग) सुटतोय. चकच्या मागे आकड्यांची रिंग असते, भोक पाडताना ती ड्रिलच्या चित्रावर हवी. स्क्रू आवळताना मात्र आकड्यावर ठेवा, कमी आकड्यापासून सुरू करून वाढवत न्या, नाहीतर स्क्रूचं डोकं तरी झिजतं किंवा लाकूड तरी फाटतं. डोकं झिजायचं दुसरं कारण म्हणजे चुकीचं बिट, साधा फिलिप्स आणि पोझीड्राईव्ह दिसायला सारखेच पण एकमेकांत नीट बसत नाहीत, पोझीड्राईव्हच्या स्क्रूवर मुख्य फुलीच्या मध्ये बारीक रेषा असतात, त्या बघून बिट निवडा.

वरचं १-२ चं बटण सरकत नाही, तर जबरदस्ती नको. मशीन पूर्ण थांबवा, बॅटरी काढा, चक हाताने किंचित फिरवून बघा, गिअरचे दाते जुळले की बटण आपोआप जातं. फिरत असताना गिअर बदलला की दाते तुटतात. १ म्हणजे कमी स्पीड आणि जास्त ताकद, मिनिटाला साधारण ४००-५०० फेरे, स्क्रू आणि मोठ्या बिटसाठी. २ म्हणजे १५०० च्या वर, बारीक बिटसाठी.

मशीन मध्येच बंद पडतं आणि ट्रिगर सोडून दाबला की परत चालतं, ते जास्त लोड आलं म्हणून स्वतःला वाचवतंय. गिअर १ वर घ्या, जोर कमी करा, बिट मधूनमधून बाहेर काढून भुकटी पाडत जा. बॅटरी हाताला चटका लागेल इतकी तापली असेल तर तशीच चार्जरला लावू नका, बरेच चार्जर घेतही नाहीत, लाईट नुसता लुकलुकतो आणि लोकांना वाटतं चार्जर गेला. अर्धा तास सावलीत ठेवा, मग लावा. खूप थंडीतही तेच, शून्याच्या खाली गेलेली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आतून कायमची खराब होते.

बॅटरी खिशात किंवा डब्यात सुट्या स्क्रूंसोबत टाकू नका, दोन टोकांना स्क्रू आडवा लागला की शॉर्ट होतं, स्क्रू तापून लाल होऊ शकतो. फुगलेली, पडून फुटलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्ज करून बघायची नाही, उघडायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेतात तिथे द्या. आणि भरपूर दिवस मशीन वापरणार नसाल तर बॅटरी मशीनमधून काढून निम्मी चार्ज असताना थंड कोरड्या जागी ठेवा, फुल भरून तापलेल्या गाडीत ठेवलेली बॅटरी लवकर दम सोडते. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स असं दोन्ही लिहिलेलं दिसतं त्यात गोंधळू नका, आत तेच पाच सेल असतात, प्रत्येकी सरासरी ३.६ व्होल्ट धरले की १८ आणि फुल चार्ज असताना २०, ताकदीत फरक नाही. पण म्हणून एका कंपनीची बॅटरी अॅडाप्टर लावून दुसऱ्याच्या चार्जरवर ठेवू नका, तापमान बघणारी पिन प्रत्येकाची वेगळी असते आणि ती जुळली नाही तर बॅटरी किती तापलीय ते चार्जरला कळतच नाही.