घोळ ओळखा, मग कुंडीत लावा
घोळ ही पालेभाजी जमिनीलगत पसरते. देठ गुळगुळीत, लालसर. पानं जाड, रसाळ. पिवळी फुलं चिमुकली, आणि तीही उन्हात काही तासच उघडतात, त्यामुळे दुपारनंतर शोधायला गेलात तर चुकामूक ठरलेली. खरी परीक्षा देठ मोडून करा: पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. तशीच पसरणारी चिकाची वनस्पती विषारी असते, ती तोंडात घालू नका.

लागवडीला बोटभर लांब फांदी पुरते. भरपूर ऊन, निचऱ्याची माती. बी पेरलंच तर वर माती लोटू नका, त्याला उजेड लागतो. उपटून तिथेच टाकलेली घोळ पुन्हा मुळं धरते, म्हणून जमिनीपेक्षा कुंडीच बरी. घोळीत ऑक्झॅलेट, म्हणजे मूतखडा बनवू शकणारा घटक, बरंच असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून खावी.