बोअरचं पाणी, अँबरलिस्ट-15 आणि विनाद्रावक बिगिनेली

बिगिनेली म्हणजे बेंझाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आणि युरिया जोडून डायहायड्रोपिरिमिडिनोन बनवणारी अभिक्रिया. इथे ती द्रावकाशिवाय करायची; उत्प्रेरक म्हणून अँबरलिस्ट-15 या आम्लधर्मी रेझिनचे मणी, जे धुऊन पुन्हा वापरता येतात. खारपाणपट्ट्यातल्या कॉलेजात 'रेझिन दुसऱ्याच वेळी मेलं' (म्हणजे काम करेनासं झालं) असं कोणी म्हटलं, तर आधी विचारा: धुतलं कशाने? अँबरलिस्ट-15 हे पाणी मऊ करणाऱ्या रेझिनचंच भावंड. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते धरून ठेवतं, बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं. मग आम्ल उरतंच कुठे? धुवायला डिस्टिल्डच घ्या.

ओलं रेझिन निम्मंअधिक पाणीच असतं. 100 अंशांवर रात्रभर वाळवून मगच तोला.

बेंझाल्डिहाइड 2.12 ग्रॅम, इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट 2.60, युरिया 1.80 (शेतातला नव्हे, लॅबचा), वाळलेलं रेझिन 0.5 ग्रॅम. बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी पापडी दिसली तर ते बेंझोइक आम्ल. तसं बेंझाल्डिहाइड सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, वाळवून घ्या. सगळं उघड्या तोंडाच्या फ्लास्कमध्ये, फ्यूम हूडखाली, 85-90 अंशांच्या तेलात ठेवा. या अभिक्रियेत पाणी सुटतं, त्याला बाहेर वाट हवी. 120 च्या वर गेलात तर रेझिनचे सल्फोनिक गट (त्याचं आम्लपण ज्यांच्यात असतं ते) गळू लागतात.

ढवळायला मॅग्नेट टाकू नका. मणी दळले जातात आणि तो भुगा फिल्टरमधून उतरून मालात (तयार पदार्थात) येतो. दर पाच-दहा मिनिटांनी काचेच्या कांडीने हलवा. तासाभरात मिश्रण घट्ट होतं. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर) बेंझाल्डिहाइडचा ठिपका गेला की थांबा.

आता गरम इथेनॉल 40-50 मिली, थोडं थोडं. हॉटप्लेटवर, बर्नर बंद ठेवून. (अभिक्रिया विनाद्रावक, पण माल काढायला द्रावक लागतोच, ते लपवण्यात अर्थ नाही.) फनेलही गरम करून घ्या, नाहीतर नळीतच स्फटिक बसतात. मे महिन्यात लॅबच 40 च्या वर असते, तेव्हा गाळलेलं द्रावण बर्फात ठेवल्याशिवाय स्फटिकांची आशा करू नका. उरलेला युरिया थंड डिस्टिल्ड पाण्याने जातो. शंभर टक्के उतारा धरला तर 5.2 ग्रॅम; वितळणबिंदू 202-204 अंश.

फिल्टरवरचं रेझिन गरम इथेनॉलने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन वाळवा. वेळ दुप्पट लागू लागला की 0.2 ग्रॅम रेझिन मिठाच्या द्रावणात तासभर हलवून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. नव्याला साधारण 9.4 मिली लागतं. 7 च्या खाली आलं तर 1 मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये दोन तास भिजवा. सल्फ्युरिक नको, आत कॅल्शियम असेल तर जिप्सम होऊन छिद्रं बुजतात.