एक्सेलमध्ये आपोआप मराठी उमटतंय? माझा अनुभव

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. वर्डमध्ये मराठी पत्रं, शेजारी एक्सेल. वर्डात मराठी करून एक्सेलकडे वळलो की तिथंही देवनागरीच. कधी तर मी काही न करताच भाषा पालटायची.

मराठी काढून पुन्हा टाकली, कीबोर्ड बदलला, रीस्टार्ट केलं. फरक शून्य. सौदे चालू असताना तेच सूत्र तिसऱ्यांदा खोडलं, तेव्हा कीबोर्ड आपटायचाच बाकी होता.

विंडोज ११ मध्ये याच क्रमानं जा: सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', मग 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'. तिथं 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो' समोर टिक करा. आता वर्ड मराठीत, एक्सेल इंग्रजीत. ज्याची भाषा त्याच्यापाशी.

भाषा आपोआप पालटण्याचं कारण निराळं. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की ती बदलते, आणि माझी करंगळी कायम शिफ्टवर! त्याच पानावर 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडा. 'बिट्वीन इनपुट लँग्वेजेस' ही ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा. दोन्ही बाजूंना 'नॉट असाइन्ड', ओके, मग 'अप्लाय'. (पहिल्यांदा मी अप्लायच विसरलो होतो.)

मुद्दाम भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेसबार आहेच. विंडोज १० वाल्यांना हीच 'ॲडव्हान्स्ड' पाटी 'डिव्हायसेस'मधल्या 'टायपिंग'खाली सापडेल.