टेक्सासमध्ये शिकताय? आधी रँक बघा

टेक्सासमध्ये हायस्कूलला असाल तर अकरावी संपताच ट्रान्स्क्रिप्टवरची (शाळेच्या गुणपत्रकावरची) एक ओळ नीट बघा: तुमचा रँक. इथल्या कायद्यानुसार बॅचमधल्या पहिल्या १० टक्के मुलांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या यूटीची (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासची) मर्यादा मात्र २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आली आहे. म्हणजे ६४० मुलांच्या बॅचमध्ये ३२वा नंबर आत, ३३वा बाहेर. बाहेर म्हणजे दार बंद नव्हे. तो अर्ज बाकीच्यांबरोबर तपासला जातो. आणि आईबाबांनाही हे आधीच सांगून ठेवा: हमी विद्यापीठाची आहे, शाखेची नाही. कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच अर्जासोबतचे निबंध लिहायला बसा. रँक कितीही वरचा असला तरी अर्ज मुदतीत भरावाच लागतो.