घरातील रुग्णाची शुश्रूषा करताना स्वतः खचू नये म्हणून काय करावे

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात ज्यांनी पाळ्यांमध्ये काम केले आहे, त्यांना एक नियम ठाऊक असतो: पुढच्या पाळीचा रिलीव्हर, म्हणजे आपली जागा घेणारा कामगार, आल्याशिवाय मशीन सोडायचे नाही, आणि तो आला की रेंगाळायचे नाही. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर सिडकोतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी पावणेदोन वर्षे तिची शुश्रूषा केली. सुरुवातीच्या काळात नियमाचा पहिला अर्धा भाग मी काटेकोरपणे पाळला. दुसरा पाळण्याचा प्रश्नच आला नाही, कारण रिलीव्हर नेमलेलाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची जी व्याख्या केली, तिच्यात शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे ही तीन लक्षणे सांगितली आहेत. ती व्याख्या नोकरीपुरतीच आहे, पण ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे त्याला ही तिन्ही लक्षणे वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत.

सुरुवात मोजणीपासून करावी. एक साधी वही घ्यावी आणि सलग तीन दिवस, रात्रीसह, प्रत्येक काम वेळेसकट लिहावे. माझ्या वहीतील एका रात्रीची नोंद अशी आहे: ‘१.०० कूस बदलली. ३.१० चादर ओली, बदलली. ३.४० पाणी. ४.०५ आईने विचारले, कोण आहे? ५.०० कूस.’ शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलेले असते, आणि एअर गादी आणली तरी कूस बदलणे पूर्णपणे टळत नाही. ही नोंद वाचल्यावर माझ्या लक्षात आले की दिवसभराच्या कष्टांपेक्षा रात्रीची तुटक झोप मला अधिक पोखरत होती. कुठे गळती आहे हे कळल्याशिवाय मदत नेमकी कोणती मागायची तेही कळत नाही. रात्रीच्या वेळा शक्य तेवढ्या कशा जुळवता येतील, हे डॉक्टरांना वही दाखवूनच विचारावे.

त्यानंतर भावंडांना एकत्र बसवावे आणि ती वही मध्ये ठेवावी. ‘काही लागले तर सांग’ असे सगळेच म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. परंतु त्या वाक्याने सांगण्याचे कामही पुन्हा आपल्याच डोक्यावर येते. म्हणून मदत न मागता पाळी मागावी, म्हणजे ठरावीक वार, ठरावीक वेळ आणि संपूर्ण काम. पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावाला रोज येणे शक्य नव्हते, तेव्हा औषधे संपण्याआधी मागवणे, डॉक्टरांची वेळ घेणे आणि रात्री आईजवळ थांबणाऱ्या पगारी मावशींचे पैसे देणे ही कामे आम्ही त्याच्याकडे पूर्णपणे सोपवली. नाशिकरोडला राहणाऱ्या ताईने रविवार सकाळी सात ते एक अशी पाळी घेतली. शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी ठेवायच्या असतील तर त्यांचे ओळखपत्र पाहावे, कामाचे तास, सुट्टी आणि पैसे आधी बोलून घ्यावेत आणि पहिले दोन दिवस स्वतः सोबत राहून काम दाखवावे. (बघायला येणारे पाहुणे सफरचंदे आणि सल्ले दोन्ही आणतात. त्यांच्यापैकी जो जवळचा असेल त्याला अर्धा तास रुग्णाजवळ बसवून आपण अंघोळ उरकून घ्यावी. याचे कोणालाही वाईट वाटत नाही.)

पाळी सोपवणे हे मागण्याहून अवघड असते. ताईने मऊ भात आपल्या पद्धतीने भरवला तर भरवू द्यावा, कारण प्रत्येक घासाला दुरुस्ती करणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा रिलीव्हर मिळत नाही. घास गिळताना ठसका लागू नये म्हणून रुग्णाला टेकून बसवण्यासारख्या सुरक्षिततेच्या बाबी तेवढ्या वहीत लिहून द्याव्यात, बाकी सोडून द्यावे. दुसरे असे की त्या वेळात घराबाहेर पडावे. शेजारच्या खोलीत कान देऊन पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. पहिल्या रविवारी मी गोल्फ क्लब मैदानावर गेलो, एका कट्ट्यावर बसलो आणि तासाभरात घरी तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी ताई म्हणाली, “आई झोपली आहे. आता पुन्हा फोन केलास तर मी उचलणार नाही.” पुढच्या रविवारी मात्र मी मिसळ खाऊन, घाटावर एक फेरी मारून मगच परतलो.

शरीराची काळजी थोडक्यात सांगतो. रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये. अंगाखाली आडवी घडीची चादर ठेवून ती दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावी, गुडघे वाकवावेत आणि कंबर सरळ ठेवावी. स्वतःच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांचा वेगळा, ठळक नाव लिहिलेला डबा रुग्णाच्या औषधांशेजारी ठेवावा, म्हणजे त्या चुकत नाहीत.

रागाविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. एकदा आईने पेजेची वाटी तिसऱ्यांदा उलटवली तेव्हा मी तिचा हात जरा जास्तच जोराने बाजूला केला. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. असा क्षण आला तर रुग्णाला सुरक्षित टेकवावे, पलंगाचा कठडा लावावा आणि दहा मिनिटे गॅलरीत जाऊन उभे राहावे. ‘आता हे संपावे’ असा विचार मनात येणे हे थकव्यातून घडते. त्यावरून माया आटली असे ठरवू नये. परंतु हात उगारला जात असेल, निवांत रात्र मिळूनही झोप येत नसेल किंवा आपणच जगू नये असे वाटू लागले असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नये. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

शेवटी एक पान तयार करावे. त्यावर रुग्णाचे आजार, औषधांची नावे आणि वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा फोन, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि शेजाऱ्यांपैकी एकाचा फोन एवढेच असावे. मला एकदा तापाने दोन दिवस उठता आले नव्हते, तेव्हा समोरच्या काकूंनी ते पान वाचूनच आईच्या सकाळच्या गोळ्या दिल्या. ते फ्रीजच्या दारावर चिकटवावे आणि औषध बदलले की त्याच दिवशी नवे लिहावे.